कोंबडा छापाचं तांबं

१

बुधवारी सकाळी एका खेचरवाल्याची अर्धी दाढी उतरवून झाली होती, तेवढ्यात चौकातून आरडाओरडा ऐकू आला. निकानोर ब्रिबिएस्कानं वस्तरा पुसला आणि खुंटीवरची काठी घेतली.

"आणि माझा हा गाल?" खेचरवाल्यानं विचारलं.

"साबण सुकायच्या आत येतो. तोवर त्याच बाजूनं कुणाला तोंड दाखवू नकोस."

काठी होती अल्काल्देची, म्हणजे वस्तीच्या पंचाची. चोरी, मारामारी, नवरा-बायकोची भांडणं, सगळ्यांत मध्ये पडायचं. पगार शून्य, शिव्या वाटेल तेवढ्या. गावातल्या तीन बऱ्या माणसांनी ऐनवेळी आजारपणाची सोंगं घेतली, म्हणून ती न्हाव्याच्या गळ्यात पडली होती.

चौकात प्रुदेन्सियो ओलावारिएता आपल्या दुकानाच्या दारात दोन्ही हात आडवे धरून उभा होता. अंगात झोपायचा सदरा, गळ्यात किल्ली, चेहऱ्यावर प्रेताची कळा. निकानोरच्या मुलीचा तो धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत आणि अहो-जाहो करत.

"कोम्पाद्रे, मी बुडालो," तो म्हणाला. "माझा ठसा चोरीला गेला."

ठसा म्हणजे काय हे सान्ता लुसिया गावात पोराटोरांनाही कळत होतं. राजाची चांदी खाणीतून निघायची ती थेट बंदरावर जाऊन जहाजात बसायची, त्याच्या लढाया लढायला. गावात चुकून राहिलंच तर सर्वांत लहान नाणं अर्ध्या रेआलचं, आणि अर्ध्या रेआलची मिरची एका वेळी कोण विकत घेतं? म्हणून दुकानदार आपापल्या ठशानं तांब्याची नाणी पाडत. त्याला त्लाको म्हणायचं, एका रेआलला आठ. प्रुदेन्सियोच्या त्लाकोवर कोंबडा, चौकापलीकडच्या डोन्या ब्रीखिदाच्या त्लाकोवर सूर्य. कोंबडा खरं तर कोंबड्याच्याच दुकानात चालायचा. पण मीठ, मेणबत्ती, साखर सगळ्यांना तिथूनच लागे, त्यामुळे अंडीवालीपासून न्हाव्यापर्यंत सगळे तो डोळे मिटून घेत.

"चोरानं माझ्या ठशानं कोंबडे पाडलेत," प्रुदेन्सियो म्हणाला. "नवे, लालभडक. बघा तुमच्या हातातले. त्यातला माझा कुठला आणि चोराचा कुठला, मी कसं ओळखू? आजपासून मी एकही कोंबडा घेणार नाही. नवा नाही, जुना नाही."

डोक्यावर आतोलेचं मडकं घेतलेली एक म्हातारी पुढे आली. ती चेपा. मक्याची ती गरम पेज विकून तिनं आयुष्य काढलं होतं, आणि सगळं गाव तिला लाडानं नानिता म्हणजे आईच म्हणे.

"मग आमच्याकडे आहेत त्यांचं काय, डॉन प्रुदेन्सियो?"

"नानिता, मी काय करू? लुबाडलंय मला."

"ते कळलं. आमच्याकडच्यांचं काय, ते विचारतेय."

प्रुदेन्सियोची नजर चेपाच्या मागे गेली. तिथे तिचा मुलगा लुसियो कुइरीस उभा होता, गावातला सर्वांत चांगला तांबट.

"ठसा कोरला कुणी?" प्रुदेन्सियो हळूच म्हणाला. "दर वर्षी माझ्या मागच्या खोलीत बसून कोंबडे पाडतो कोण? ठशाची पेटी कुठे असते हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक?"

निकानोरला लुसियोच्या पडवीत जावं लागलं. भट्टीमागच्या कोनाड्यात एक पिशवी निघाली. आत नवे कोरे कोंबडे, तोंडापर्यंत भरलेले.

"माझी मजुरी आहे ती," लुसियो म्हणाला.

"मजुरी मी त्याला चांदीत दिली," प्रुदेन्सियो म्हणाला.

एकाच्या शब्दापुढे दुसऱ्याचा शब्द, आणि दुसरा दुकानदार. निकानोरनं स्वतःच्या हातानं लुसियोला कोठडीत घातलं. राजाच्या अंमलदाराचा माणूस निरोप घेऊन लगेच आला: कैद्यांची साखळी शनिवारी किनाऱ्याकडे निघेल, तिच्यात या तांबटाला जोडा. पलीकडच्या बेटावर किल्ल्यासाठी दगड फोडायला माणसं हवी होती. तिथून सान्ता लुसियात आजवर कुणी परत आलं नव्हतं.

२

कोठडी चर्चच्या कुशीला होती. मधल्या भिंतीतून पाद्र्याचं खोकणंसुद्धा ऐकू येई.

"खरं सांग," निकानोर म्हणाला.

"सांगितलं की, ताता." वडीलधाऱ्या माणसाला लुसियो ताता म्हणे.

"पुन्हा सांग. माझ्या डोक्यात शिरेपर्यंत सांग."

लुसियोनं भिंतीला डोकं टेकलं. "आत्म्यांच्या सणाआधी बोलावलं, नेहमीसारखं. ते समोर बसतात, मी पाडतो. काम संपलं की ठसा त्यांच्या हातात. ते पेटीत ठेवतात, कुलूप लावतात, किल्ली गळ्यात. यंदा तिप्पट पाडले. पत्रा संपला तर घरातली जुनी परात कापून दिली त्यांनी."

"तिप्पट? विचारलं नाहीस का, कशाला म्हणून?"

"मी काही विचारलं की मजुरी कमी होते, ताता. मग मी विचारत नाही."

"आणि मजुरी?"

"चांदी देतो म्हणाले होते. नंतर म्हणाले, चांदी कुठाय, हे घे. घेतले. माझ्या आईनं जन्मभर घेतले, मी कोण मोठा लागून गेलो?"

निकानोर बाहेर आला. चर्चमध्ये चेपा आत्म्यांच्या वेदीपुढे गुडघे टेकून बसली होती. वेदीवर चित्र होतं: कमरेइतक्या ज्वाळांत उभी असलेली माणसं, हात वर केलेले. शुद्धिस्थानात अडकलेले हे आत्मे. जित्यांनी त्यांच्यासाठी दिवे लावायचे, पाद्र्याला पैसे देऊन मिस्सा, म्हणजे त्यांच्या नावाची प्रार्थना, म्हणवून घ्यायची, म्हणजे त्यांची आग लवकर सरते. चेपाचा नवरा भट्टीवर काम करता करता कोसळला होता. त्याच्या नावाची मिस्सा व्हावी म्हणून ती किती वर्षं एका गाडग्यात कोंबडे साठवत होती, ते निकानोरला ठाऊक होतं. आत्म्यांच्या दिवशी, म्हणजे दोन नोव्हेंबरला, ती गाडगं फोडणार होती.

"पोरगा सुटेल ना?" तिनं मागे न बघता विचारलं.

"बघतो."

"मिस्सा राहू दे. नवरा थांबेल. मेलेल्याला कसली घाई? पोराला तेवढं साखळीतून काढ."

निकानोरनं वेदीकडे पाहिलं. तिथे आज चरबीच्या पिवळट बत्तीऐवजी पांढऱ्याशुभ्र मेणाची जाड मेणबत्ती जळत होती. श्रीमंती दिसतेय आत्म्यांची, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच निघूनही गेलं. डोक्यात दुसरीच माणसं होती.

३

पहिला माणूस होता फेर्मीन, प्रुदेन्सियोचा भाचा. दुकानात गल्ल्यावर बसायचा आणि रविवारी कोंबड्यांच्या झुंजीत सगळं हरून यायचा. घरात राहणारा, कर्जात बुडालेला, मामाचा नावडता. चोर म्हणून याच्याहून सोयीचा माणूस शोधून सापडला नसता.

"या, अल्काल्देसाहेब," फेर्मीन पोत्यावर पडल्यापडल्या म्हणाला. "उशीर केलात. मला वाटलं, आधी माझ्याकडेच याल."

"किल्ली कधी गळ्यातून काढतो तुझा मामा?"

"आंघोळीलासुद्धा नाही. आणि आंघोळ तरी कधी करतो म्हणा."

"झोपेत?"

"तीन रात्री बसून बघितलंय मी, तुम्हाला काय लपवू. हात किल्लीवर ठेवून झोपतो. मामी गेल्यापासून झोपतो तरी कुठे? जरा खुट्ट झालं की 'इनेस?' म्हणून उठून बसतो."

इनेस त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी अचानक गेली, पापाची कबुली न देता. पाद्री निम्म्या वाटेत होता तेव्हा तिचा श्वास थांबला. त्याआधी उपचार म्हणून तिचं रक्त काढायला निकानोरलाच बोलावलं होतं; ते न्हाव्याचंच काम. त्या घरातला प्रुदेन्सियोचा आक्रोश तो विसरला नव्हता.

फेर्मीननं पोत्याखालून एक डबा ओढला. कोंबड्यांनी भरलेला.

"हा माझा वर्षाचा पगार. शनिवारीच दिला, सगळा एकदम. कधी नव्हे तो मामा उदार झाला. मी चोर असतो तर हे आधी उडवले नसते का? झुंजीत तरी लावले असते. आता बघा, याचे खिळेसुद्धा होणार नाहीत."

निकानोर चौक ओलांडून डोन्या ब्रीखिदाकडे गेला. कोंबडा मेला तर सूर्याची भरभराट, हे गणित सोपं होतं. पण तिच्या दुकानात ही झुंबड उडाली होती, आणि बाई घामाघूम होऊन फळ्यांवरचं सामान खाली देत होती.

"संशय घ्यायला आलास ना? घे. पण आधी ते मिठाचं पोतं इकडे सरकव."

त्यानं सरकवलं.

"बघतोयस? सकाळपासून सगळे सूर्य परत येतायत. कुणाला मीठ नकोय, कुणाला दोरी नकोय, पण घेऊन चाललेत. उद्या माझ्या फळ्या रिकाम्या. कालपर्यंत लोकांना हे पैसे वाटत होते, निकानोर. आज त्यांना आठवलं की हे तांबं आहे. मी कशाला आठवण करून देईन?"

त्याला पटलं. पण आता संशयितांची नावं संपली होती.

आपल्या दुकानात परत येऊन त्यानं पैशांचा खण उपसला. त्यातही कोंबडेच होते, निम्मे लालभडक. खेचरवाला एव्हाना गाल तसाच घेऊन निघून गेला होता. उरलेला दिवस निकानोर दारोदार एकच प्रश्न विचारत फिरला: हे नवे कोंबडे कुणी दिले? अंडीवाली म्हणाली, प्रुदेन्सियोनं, सगळी टोपली एकदम घेतली. लाकूडतोड्या म्हणाला, प्रुदेन्सियोनं, दोन हिवाळ्यांची लाकडं घेतली. विणकर, कुंभार, दाई, सगळ्यांचं उत्तर तेच.

चोर ठसा चोरतो, कोंबडे पाडतो आणि ते दुकानात आणून माल नेतो. इथे कोंबडे दुकानातून बाहेर आले होते. पण दुकानदारानं सणाआधी माल भरला आणि आपलंच नाणं दिलं, यात गुन्हा कुठला? अंमलदारानं त्याला दारातूनच हाकललं असतं.

कोंबडे बुधवारी मरणार हे आधीपासून कुणाला तरी ठाऊक होतं. ते दाखवायचं कसं, हे मात्र निकानोरला सुचेना.

४

गुरुवारी क्रिस्पिन दाढ धरून आला. तो चर्चचा सेवेकरी. दर सोमवारी, म्हणजे आत्म्यांच्या वारी, तांब्याची ताटली घेऊन लंगडत दारोदार फिरायचं, आत्म्यांसाठी मागायचं आणि जमलेल्या त्लाकोंच्या गुरुवारी बत्त्या आणायच्या, हे त्याचं काम. कुरकुर हा त्याचा दुसरा उद्योग.

"काढून टाक," तो म्हणाला. "माझा आठवडाच सडका आहे, दाढ कशाला वेगळी ठेवायची?"

"आत्म्यांचं बरं चाललंय की. पांढऱ्या मेणाची बत्ती बघितली मी."

"ती एकच. बाकी सगळी ताटली कोंबड्यांची. आज वटवायला गेलो तर डॉन प्रुदेन्सियो तोंड फिरवून आत गेला. मेलेल्यांचीसुद्धा उधारी बुडवतात लोक. ते चांदीचं नाणं पडलं नसतं तर यंदा आत्मे अंधारातच बसले असते."

निकानोरचा चिमटा वरच थांबला.

"कसलं चांदीचं नाणं?"

"अर्धा रेआल. सोमवारी. त्याच दिवशी डोन्या ब्रीखिदाकडून मेण आणलं त्याचं."

"कुणी टाकलं?"

"सांगू नये म्हणतात. दान आहे ते."

निकानोरनं दाढ चिमट्यात पकडली. "क्रिस्पिन, तुझी दाढ माझ्या चिमट्यात आहे."

क्रिस्पिननं डोळे वटारले. चिमटा निघाल्यावर तो म्हणाला, "डॉन प्रुदेन्सियोनं."

"प्रुदेन्सियोनं? तो तर एकच कोंबडा टाकतो."

"सहा वर्षं एकच. कधी दोन नाहीत. मी थट्टा करायचो, आत्मे तुमच्याच दुकानाचे गिऱ्हाईक हो. या खेपेला नाणं ताटलीत वाजलं तेव्हा मलाच वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. पुढच्या दारापर्यंत गेलो, राहवेना. परत फिरलो. म्हटलं, डॉन प्रुदेन्सियो, चुकून चांदी आली हो."

"मग?"

"म्हणाला, चुकून नाही, ठेव. आणि रडत होता. आता ओढ ती दाढ, देवाच्या नावानं."

निकानोरनं दाढ ओढली. त्यासाठी त्यानं क्रिस्पिनकडून काहीच घेतलं नाही, आणि क्रिस्पिनला ते जन्मभर कोडं राहिलं.

५

दर शुक्रवारी प्रुदेन्सियो दाढी करायला येई. चोरी झाली म्हणून त्यानं शुक्रवार चुकवला नाही. निकानोरनं त्याला खुर्चीत बसवलं, दार लोटलं, फेस लावला.

"कोम्पाद्रे, ठसा कुठे ठेवलात?"

प्रुदेन्सियोची मान ताठ झाली.

"हलू नका. वस्तरा कालच लावलाय."

"चोराला विचारा."

"त्यालाच विचारतोय. तिप्पट कोंबडे पाडून घेतलेत. अंडी, लाकडं, भाच्याचा पगार, लुसियोची मजुरी, सगळं त्यात भागवलंत. तांबं बाहेर, चांदी आत."

"सणाआधी माल भरला. त्याला गुन्हा म्हणतात?"

"नाही. तेवढ्यावर मी तुम्हाला साबणसुद्धा लावला नसता." वस्तरा गालावरून सावकाश खाली आला. "पण सोमवारी तुम्ही ताटलीत अर्धा रेआल टाकलात."

"देवाला दिलेल्याचाही जाब आता न्हाव्याला द्यायचा?"

"सहा वर्षं तुम्ही एक कोंबडा टाकत होतात. लोक हसायचे. मी हसलो नाही, कारण तुमचा कोंबडा खरा होता. क्रिस्पिन गुरुवारी तो तुमच्याच दुकानात वटवायचा आणि इनेस वहिनींसाठी बत्ती लागायची. या सोमवारी टाकला असतात तर गुरुवारपर्यंत मेला असता. ठसा गेल्याचं तुम्हाला बुधवारी कळलं म्हणता. मग सोमवारी कसं कळलं?"

"इनेसचा दिवस होता तो."

"वहिनी ईस्टरआधीच्या उपासांत गेल्या. त्या दिवशी मी तिथेच होतो, कोम्पाद्रे. आता ऑक्टोबर आहे."

प्रुदेन्सियोनं डोळे मिटले. फेसातून एक ओघळ खाली आला.

"सगळं गाव बुडवताना तुमचा हात थरथरला नाही," निकानोर म्हणाला. "लुसियोला साखळीत घालताना नाही. बायकोच्या ताटलीत खोटं नाणं टाकताना तेवढा थरथरला."

"ती कबुली न देता गेली." आवाज इतका बारीक होता की निकानोरला वाकावं लागलं. "कुठल्या आगीत उभी आहे, मला ठाऊक नाही. तिला मी मेलेला त्लाको कसा देऊ?"

निकानोरला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला.

"आणि चेपाच्या नवऱ्याला?"

"मला माल देणारे वालादोलीद शहरातले व्यापारी चांदीशिवाय बोलत नाहीत. माझे इतके कोंबडे बाहेर फिरतायत की सगळे एका दिवशी परत आले तर दुकानाच्या विटा विकूनही भागणार नाही. मी बुडणारच होतो."

"म्हणून आधी आणखी तिप्पट पाडलेत."

प्रुदेन्सियोनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"मी अंमलदाराकडे जातो," निकानोर म्हणाला.

"जा." प्रुदेन्सियोनं डोळे उघडले, आणि ते डोळे पुन्हा दुकानदाराचे झाले होते. "काय सांगाल? एका विधुरानं देवाला चांदी दिली? तो हसेल. माझ्याकडूनच त्याच्या घरी साखर जाते, त्यामुळे जरा जास्तच हसेल. मग वर अर्ज कराल. उत्तर येईल पुढच्या पावसाळ्यानंतर. लुसियो उद्या निघतोय."

हे खरं होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"मी आत्ता जाऊन सांगतो, मजुरी कोंबड्यांतच दिली होती, माझ्या लक्षातून गेलं," तो पुढे म्हणाला. "लुसियो संध्याकाळच्या आत घरी. चोर सापडला नाही, ठसा सापडला नाही. तुम्ही कुणाजवळ एक शब्द काढायचा नाही. तुमच्या लेकीला बाप्तिस्म्याला मी धरलं होतं, तेव्हा तिच्या डोक्यावर पडलेल्या पवित्र पाण्याची शपथ घ्या."

"आणि कोंबडे?"

"कोंबडे मेले, कोम्पाद्रे. ते मी सांगितलं तरी मेले, तुम्ही सांगितलंत तरी मेले. माणूस तेवढा वाचवता येईल."

साखळीला जोडलेला लुसियो निकानोरच्या डोळ्यांसमोर आला, आणि गुडघ्यांवर बसलेली चेपाही. त्यानं शपथ घेतली. मग दुसरा गाल केला, कारण अर्धी दाढी ठेवून माणूस अंमलदाराकडे कसा जाणार?

६

लुसियो सुटला, आणि गावानं ठरवून टाकलं की चोर तोच. नाहीतर पकडला कशाला असता? आणि न्हाव्यानं सोडला म्हणजे न्हाव्याचाही वाटा असणार.

"किती पिशव्या मिळाल्या, अल्काल्देसाहेब?" अंडीवालीनं भर चौकात विचारलं. निकानोर खाली मान घालून पुढे गेला. लुसियोकडे कुणी परात टाकेना, कुणी कढईला कल्हई करून घेईना. चेपाचं आतोले पातळ झालं आणि तरी विकलं जाईना. कोंबडे तिनं ओरडून विकायचे म्हटले तरी कुणी घेतले नसते.

सोमवार उजाडला. क्रिस्पिन ताटली घेऊन चौकात आला तेव्हा निकानोर आपला खण काखोटीला मारून वाटेत उभा होता. जित्यांजवळ बोलायचं नाही, अशी शपथ होती. मेलेल्यांबद्दल प्रुदेन्सियोला काही सुचलं नव्हतं.

त्यानं सगळा खण ताटलीत उपडा केला.

"चळलास का?" क्रिस्पिन म्हणाला. "हे मेलेत."

"ज्यांना द्यायचे तेही मेलेलेच आहेत. त्यांना चालतील."

"वटवणार कोण?"

"कोंबडा कुणाचा आहे, ते आत्म्यांना ठाऊक असतं. कुठल्या दारी जायचं, तेही ठाऊक असेल."

तो आणखी काही बोलला नाही. बोलायची गरजच पडली नाही. चेपानं ते ऐकलं, मडकं खाली ठेवलं आणि ती घरी गेली. परत आली ती गाडगं घेऊनच. ताटलीत जागा नव्हती, म्हणून लुसियोनं आपल्या पडवीतून एक मोठी परात आणली. चेपानं गाडगं त्यात रिकामं केलं.

"माझ्या माणसाच्या नावानं," ती म्हणाली. "आणि त्याला सांगा, हे डॉन प्रुदेन्सियोचे आहेत. त्यांच्याकडूनच घे म्हणावं."

मग अंडीवाली आली. लाकूडतोड्या आला. फेर्मीन डबा घेऊन आला आणि मामीचं नाव सांगून तो ओतला. कोंबड्यांचं दुसरं काही होणारच नव्हतं, मग निदान आपल्या माणसाच्या नावानं तरी जाऊ देत. ज्याच्या घरात कुणी मेलं नव्हतं असं एकही घर सान्ता लुसियात नव्हतं. परात उचलायला दोघं लागले, आणि क्रिस्पिनच्या फेरीतलं पुढचं दार कोंबड्याच्या दुकानाचं होतं.

प्रुदेन्सियो हातात अर्धा रेआल घेऊन उंबऱ्यात उभा होता. परात त्याच्या पायांपाशी ठेवली गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. तो तांबं बघत नव्हता. त्याला माणसं दिसत होती, कमरेइतक्या आगीत उभी, हात वर केलेली, आणि त्यांच्यात बहुधा एक बाई.

"आत्म्यांचे आहेत," क्रिस्पिन म्हणाला. "घेताय, का नेऊ परत?"

प्रुदेन्सियो आत गेला आणि चांदीची थैली घेऊन आला.

त्या दिवसापासून आत्म्यांच्या सणापर्यंत प्रुदेन्सियोनं परातीतून आलेला एकूण एक कोंबडा चांदी देऊन सोडवला. थैली रिकामी झाली तेव्हा खेचरं विकली, मग इनेसचे कानातले, शेवटी दुकानच डोन्या ब्रीखिदाला दिलं. पण गल्ल्यावर कुणी कोंबडा ठेवला तर तो हात लावत नसे. चेपाची शेजारीण पोराच्या औषधासाठी एकच वटवून मागायला गेली. त्यानं नकारार्थी मान हलवली. "ताटलीतून येऊ दे," म्हणाला. आणि ताटलीत पडलेलं आत्म्यांचं झालं, ते माघारी देता येत नाही, असं पाद्र्यानं व्यासपीठावरून सांगून टाकलं. ते पोर आत्म्यांच्या सणाआधी गेलं. त्याच्याही नावानं परातीत कोंबडा पडला, आणि तो मात्र लगेच वटला.

दोन नोव्हेंबरला दफनभूमीत इतका उजेड गावानं कधी पाहिला नव्हता. प्रत्येक थडग्यावर पांढरं मेण. चेपाच्या नवऱ्याची मिस्सा गाऊन झाली होती. ती थडग्यापाशी बसून होती आणि शेजारी आतोलेचं मडकं होतं. त्यात नुसतं गरम पाणी होतं, मक्याच्या वासापुरतं.

निकानोर आणि लुसियो भिंतीशी उभे होते. त्यांच्या आसपास कुणी उभं राहत नव्हतं.

"ठसा कुणी चोरला, ताता?"

निकानोरनं काठी या हातातून त्या हातात घेतली. शपथ पाण्याची होती, लेकीच्या डोक्यावरच्या.

लुसियोनं लांब कोपऱ्यात पाहिलं. तिथे इनेसच्या थडग्याशी प्रुदेन्सियो एकटाच गुडघे टेकून बसला होता. अंगात कुणाचा तरी जुना सदरा, गळ्यात किल्ली नाही.

"मला वाटायचं, त्याच्याकडे पैसे नाहीतच म्हणून देत नाही," लुसियो म्हणाला. "होते की. सगळ्यांचे दिले त्यानं, शेवटचा त्लाकोसुद्धा. फक्त आम्ही जिवंत होतो, ताता, तेवढंच चुकलं आमचं."

त्यानं आईला हात देऊन उठवलं, मडकं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि दोघं उजेडातून वाट काढत घराकडे निघाले.